अडतीस दिवसांची उत्तर दिशा

त्या दुपारी अख्ख्या आकाशात एकच ढग होता, आणि तोही मुठीत मावेल एवढा. धाकटीला नेमका असाच हवा होता. ढगांची गर्दी असली की कोण कुठला ते कळत नाही. एकटा सापडला म्हणजे त्याची ओळख नीट पटवता येते.

ओळख पटवायला तिच्याकडे दोन साधनं होती. एक म्हणजे सपाट माथ्याच्या टेकडीवर, ट्रेलरच्या पाठीवर बसवलेलं रडार. त्याची मीटरभर रुंदीची थाळी दिवसभर आकाश चाळत असे. कधी गोल फिरून, कधी क्षितिजापासून डोक्यावरून थेट पलीकडच्या क्षितिजापर्यंत. पावाचे काप काढावेत तसे ते ढगाचे काप काढी आणि प्रत्येक कापात किती थेंब आहेत, ते जवळ येताहेत की दूर जाताहेत आणि किती वेगानं, ते सांगे. दुसरं साधन म्हणजे दर दहा सेकंदांनी आकाशाचा फोटो काढणारे दोन कॅमेरे. छोटे ढग उन्हात जन्मतात, त्यातले बहुतेक अर्ध्या तासात विरून जातात, एखादाच वाढत राहतो. तो एखादा आतून वेगळा असतो का, हे धाकटीला शोधायचं होतं. त्यासाठी फोटोतला ढग आणि कापलेला ढग एकच असायला हवा, एवढीच काय ती अट.

कॅमेऱ्यात ढग दगडाच्या खाणीच्या बरोबर वर होता. रडार म्हणत होतं, ढग खाणीच्या बराच डावीकडे आहे. डावीकडे तर निळंशार रिकामं आकाश होतं.

"एकाच ढगाला दोन पत्ते?" ट्रेलरच्या दारातून डोकावत पानेकाका म्हणाले. "लबाड दिसतोय."

पानेकाका म्हणजे रडारचे तंत्रज्ञ. त्यांच्या मागच्या खिशात कायम एक पाना असे. चहा ढवळण्यापासून पाठ खाजवण्यापर्यंत त्याचा उपयोग होई, म्हणून हे नाव. तिला 'धाकटी' म्हणायला तेच लागले होते. तिचे बाबा एकदा टेकडीवर आले असताना त्यांनी तिला तशी हाक मारलेली काकांनी ऐकली आणि त्या दिवसापासून सगळ्या टेकडीची ती धाकटी झाली.

तिनं आधी घड्याळं तपासली. रडारचं आणि कॅमेऱ्यांचं घड्याळ सेकंदाला सेकंद जुळत होतं. मग तिला पश्चिमेकडचा रेडिओचा मनोरा आठवला. गेल्या सहा दिवसांपासून तिनं थाळी थोडी जास्त खाली झुकवून फिरवायला सुरुवात केली होती, त्यामुळे रडारचा झोत त्या मनोऱ्यावर आपटून परत येत होता. मनोरा काही वाऱ्यानं सरकत नाही. कॅमेऱ्यात तो नकाशाप्रमाणे होता. रडारमध्ये तो चार पूर्णांक सहा अंश डावीकडे होता. सहाही दिवस.

साडेचार अंश ऐकायला कमी वाटतात. पण आठ किलोमीटरवर ते सहाशे मीटरच्या पुढे जातात, आणि तिचे ढगच मुळी पाचशे-सातशे मीटर रुंदीचे. म्हणजे आजवर फोटो एका ढगाचा काढायचा आणि काप शेजाऱ्याचे काढायचे, असा कारभार चालू होता. अडतीस दिवस. तिनं पडदा बंद केला तो आकड्यामुळे नव्हे. रडारला उत्तर दिशा कोणी शिकवली होती, ते तिला आठवलं म्हणून.

बाबांनी शिकवली होती.

बाबा एकतीस वर्षं जमिनी मोजत हिंडलेले मोजणीदार. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी घराच्या खिडकीतून बाहेर बघताना एक डोळा बारीक करायची सवय गेली नव्हती. रडार टेकडीवर आलं तेव्हा उत्तर दिशा शोधून देणारं जीपीएसचं यंत्र दुरुस्तीला गेलेलं होतं, आणि ट्रेलरच्या लोखंडाजवळ होकायंत्र वेड्यासारखं फिरत होतं. धाकटीनं घरी सहज हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाबा कपाटातून एक जुनी वही घेऊन हजर. याच टेकडीवरून तीस वर्षांपूर्वी त्यांनी मोजणी केली होती, आणि तीन किलोमीटरवरच्या पाण्याच्या टाकीची दिशा अंश, मिनिट, सेकंदांसकट वहीत लिहिलेली होती. त्यांनी थाळीवर बांधलेल्या दुर्बिणीतून टाकी धरली, वहीतला आकडा मोठ्यानं वाचला आणि धाकटीनं तो यंत्रात भरला. "ही घे तुझी उत्तर," असं म्हणून त्यांनी रुमालानं चष्मा पुसला होता. इतकं खूश त्यांना तिनं बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या कुणी ती दिशा दिली असती तर धाकटीनं चार प्रकारे तपासली असती. फोनचं जीपीएस लावून टाकीखाली जाऊन उभी राहिली असती तरी पाच मिनिटांत काम झालं असतं. कॉलेजात प्रयोगाच्या वहीत दुसऱ्याचे आकडे न तपासता उतरवणाऱ्यांना तीच हसायची. पण हे दुसऱ्याचे नव्हते, बाबांचे होते. ते काय तपासायचे?

संध्याकाळी ती आणि पानेकाका जीप घेऊन टाकीपाशी गेले. पाणी सोडणारा माणूस झडपेच्या चाकाला वंगण लावत बसला होता. त्यानं सांगितलं की ही टाकी नवी, हिला पाच वर्षं झाली. जुनी रस्त्याच्या पलीकडे होती, गळायला लागली म्हणून पाडली. दिसायला मात्र थेट तशीच बांधली, रंगसुद्धा तोच, का तर ठेकेदाराकडे नकाशा तोच होता. जुन्या टाकीचा चौथरा त्यानं लांबूनच दाखवला. त्याच्यावर आता मुलं क्रिकेट खेळत होती. काकांनी चालत जाऊन पावलं मोजली. दोनशे चाळीस मीटर भरले.

"बाबांना सांगू नकोस," परत येताना काका म्हणाले. "आकडा दुरुस्त कर आणि गप्प बस. साडेचार अंश वजा केले की झालं. आहे काय त्यात?"

तिलाही आधी तेच वाटलं होतं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर बाईंनी ते वाटणं मोडून काढलं. बाई म्हणजे प्रकल्पाच्या मुख्य शास्त्रज्ञ. आवाज मऊ, पण प्रश्न असे की ऐकणाऱ्याला खुर्चीत सरळ बसावं लागे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. उत्तर दिशा कोणी दिली होती, असं विचारलं. धाकटी म्हणाली, मी भरली. ते खोटं नव्हतं.

"बरं. आणि अडतीसच्या अडतीस दिवस चूक चार पूर्णांक सहाच होती, हे तुला कसं माहीत?"

धाकटीनं नोंदवही उघडली. मनोऱ्याचा पुरावा फक्त शेवटच्या सहा दिवसांचा. त्याआधी पावसानं जमीन भुसभुशीत झाल्यावर ट्रेलर दोनदा खचला होता, दोनदा जॅक लावून सरळ केला होता. त्यातल्या एका वेळी तिनं टाकीवर दिशा पुन्हा लावली होती. दुसऱ्या वेळी लावली होती की नाही, ते नोंदवहीत लिहिलेलं नव्हतं. बाई म्हणाल्या की सोमवारी सकाळी थाळी सूर्यावर रोख, सूर्याची जागा सेकंदागणिक माहीत असते, म्हणजे पुढच्या दहा दिवसांची दिशा तरी पक्की होईल. मागचे बत्तीस दिवस मात्र पुराव्याशिवाय घेता येणार नाहीत. कोणते दिवस अभ्यासात घ्यायचे त्याची यादी शुक्रवारच्या बैठकीत नक्की होणार होती. आणि दहा दिवसांनी रडार समुद्रकाठच्या दुसऱ्या गटाकडे जायचं होतं. ते दोन वर्षं परत मिळणार नव्हतं.

हिशोब सोपा होता. सहा आणि दहा, सोळा दिवस. त्यातल्या पुढच्या दहा दिवसांचा अंदाज कोरड्या, निरभ्र आकाशाचा. म्हणजे तिच्या सगळ्या अभ्यासाच्या पदरात सहा दिवस पडणार, आणि सहा दिवसांच्या ढगांवर कोणी काही सिद्ध करू शकत नाही.

रविवारी ती घरी गेली. बसमध्ये तिनं बाबांना कसं सांगायचं याची चार वाक्यं तयार केली होती. आईनं दार उघडलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "कोणाचं काय फोडलंस?" झालं, वाक्यं तिथेच विसरली.

तिनं स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून सगळं सरळ सांगून टाकलं. टाकी, चौथरा, दोनशे चाळीस मीटर, बाई, शुक्रवार. बाबा लसूण सोलत होते. सोलता सोलता थांबले. हातातली पाकळी त्यांनी ताटात ठेवली, मग उचलली, मग पुन्हा ठेवली.

"टाकी पाडली," ते म्हणाले. "आणि मला पत्ता नाही."

"तुम्हाला काय पत्रिका पाठवणार होते का?" आई म्हणाली.

ते हसले नाहीत. उठून गॅलरीत गेले आणि कपडे वाळत घालायच्या दोरीला धरून उभे राहिले. धाकटी त्यांच्या मागे जाणार, तेवढ्यात आईनं तिला खुणेनं थांबवलं आणि उरलेला लसूण तिच्यापुढे सरकवला. आई हलक्या आवाजात सांगत राहिली की लग्नाच्या पहिल्या वर्षी यांनी कपाट भिंतीत बसेल म्हणून मोजलं होतं आणि ते बोटभर मोठं निघालं, तेव्हाही दोन दिवस हे असेच दोरी धरून उभे. कपाट शेवटी दिराच्या घरी गेलं. आईच्या मते दुःख कपाटाचं नव्हतंच, आकडा आपला होता याचं होतं.

जेवणाची ताटं उचलल्यावर बाबांनी धाकटीला पुन्हा समोर बसवलं आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. यंत्र दिवसातून किती वेळा फिरतं? सगळीकडे बघतं की ढग असेल तिकडेच? ती सांगत गेली. दर पंधरा मिनिटांनी पूर्ण गोल, एकेका उंचीवर, ढग असो नसो. सकाळी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. बाबांनी विचारलं, बाई सूर्याचं काय म्हणाल्या? तिनं पुन्हा सांगितलं, उद्या सूर्यावर थाळी रोखायची, पण ती दिशा उद्याची होईल.

बाबांचा एक डोळा बारीक झाला.

"धाकटे, उद्या सूर्य आहे तसा गेल्या महिन्यातही होता की."

"हो, पण तेव्हा मी त्याच्यावर थाळी रोखली नव्हती."

"तू रोखली नव्हतीस. पण यंत्र गोल फिरत होतं ना? मग फिरता फिरता त्याच्यावरून गेलंच असेल. आमच्या वेळी खुणेला काही नसलं की आम्ही काळ्या काचेतून सूर्य धरायचो, वेळ लिहायचो आणि कोष्टकातून उत्तर काढायचो. तुझ्या यंत्राला सूर्य दिसतो की नाही?"

धाकटीनं फोन हातात घेतला.

सूर्य दिसत होता. चांगला दिसत होता. इतका की पहिल्याच दिवशी तो तिच्या डोळ्यांत खुपला होता. सूर्य स्वतःच रेडिओलहरी फेकतो. थाळी त्याच्यावरून गेली की पडद्यावर मध्यापासून कडेपर्यंत एक बारीक सरळ काडी उमटते. ढगाचा ठिपका असतो, त्याला अंतर असतं. ही काडी सगळ्याच अंतरांवर सारखी, म्हणजे कशाचाच प्रतिध्वनी नसलेली. तिला तो कचरा वाटला होता. तो साफ करायला तिनं एक छोटा प्रोग्राम लिहिला होता आणि त्याचं नाव मोठ्या कौतुकानं 'झाडू' ठेवलं होतं. झाडूनं अडतीस दिवस रोज सकाळ-संध्याकाळ सूर्य झाडून बाहेर टाकला होता.

तिनं तिथूनच पानेकाकांना फोन लावला. झाडू मारण्याआधीची कच्ची माहिती वेगळ्या डिस्कवर साठत असे, आणि डिस्क भरल्या की पुसून पुन्हा वापरायच्या, असा नियम होता. नियम तिनंच केला होता. काका पुसत नाहीत म्हणून ती त्यांच्या मागे लागायची, एकदा तर चिडून बोललीही होती.

तिनं डिस्कांचं विचारलं. मग काका अपराधी आवाजात म्हणाले, "तू ओरडशील."

"काका, पुसल्यात की नाही?"

"पहिल्या आठवड्याची पुसली. तू डोक्यावर उभी होतीस ना. बाकीच्या नाही पुसल्या. बिस्किटांच्या डब्यात आहेत. नव्या मागवून काम भागवलं. म्हटलं, माहिती काय, खायला मागते थोडीच."

एखाद्यानं आपलं ऐकलं नाही याचा इतका आनंद तिला आयुष्यात कधी झाला नव्हता.

सोमवार ते बुधवार ती ट्रेलरमधून फक्त जेवायला बाहेर आली. बाबाही तिच्याबरोबर आले होते. आईनं त्यांची पिशवी भरून दिली होती आणि घरी दोरी धरून उभं राहण्यापेक्षा तिकडे उपयोगी पडा, असं बजावलं होतं. धाकटी कच्च्या माहितीतून काड्या शोधे. बाबा काडीची वेळ बघून त्या क्षणी सूर्य कुठे होता ते काढत. तिच्या संगणकाला ते क्षणात जमत होतं, पण बाबा दर दिवसातली एक काडी हातानं, कागदावर, साइन-कॉस मांडून पडताळून बघत. या वेळी ती त्यांना नको म्हणाली नाही. उलट तीन ठिकाणी त्यांचा आणि संगणकाचा आकडा जुळला नाही तेव्हा तिनं दोन्हीही तपासले. दोनदा बाबा चुकले होते. एकदा तिनं टेकडीचे अक्षांश भरताना एक आकडा उलटा घातला होता.

"एक-दोन," पानेकाका म्हणाले. "सामना रंगतोय."

आठव्या दिवसापासून एकोणिसाव्यापर्यंतच्या काड्या एका ओळीत आल्या. चूक चार पूर्णांक सहा, दशांशाचाही फरक नाही. विसाव्या दिवशी ओळ तुटली. पावसानंतर ट्रेलर सरळ केला तो दिवस. तिथून सव्विसाव्यापर्यंत चूक पाच पूर्णांक तीन होती. म्हणजे दिशा पुन्हा लावलेलीच नव्हती. मग दुसऱ्यांदा जॅक लावून टाकीवर दिशा लावली तेव्हापासून परत चार पूर्णांक सहा. सरसकट एकच आकडा वजा केला असता तर पूर्ण आठवडा गुपचूप चुकीचा राहिला असता आणि तिला कधी कळलंही नसतं. बाईंच्या मऊ आवाजातल्या त्या प्रश्नाबद्दल तिला एकदम आपुलकी वाटली.

शुक्रवारी बैठकीत तिनं आलेख दाखवला. बाईंनी दोन ठिकाणी मोठं करून बघितलं, ढगाळ सकाळींचं काय केलं ते विचारलं, उत्तर ऐकलं. पहिले सात दिवस जाणार, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. धाकटीनंही हुज्जत घातली नाही. उरलेले एकतीस यादीत गेले. मग बाई म्हणाल्या की ही पद्धत नीट लिहून काढ, समुद्रकाठच्या गटालाही लागेल, आणि माहितीसोबत जाणारं टिपण आजच पाठव.

टिपणावरून मात्र बाप-लेकीचं वाजलं. धाकटीनं लिहिलं होतं, 'सुरुवातीच्या दिशेत त्रुटी आढळल्याने ती सूर्याच्या आधारे दुरुस्त केली.' बाबांनी चष्म्यावरून ते वाचलं आणि कागद परत तिच्याकडे सरकवला.

"कोणती त्रुटी? कोणाची?"

"कोणाची ते कशाला लिहायचं, बाबा?"

"मोजणीच्या कागदावर चुकलेला आकडा पुसायचा नसतो. वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला सही करायची. पुसलेल्या कागदावर पुढचा माणूस विश्वास कसा ठेवणार? टाकी पाडलेली मी बघितली नाही, हे लिही. मोजणीदारानं जुन्या नोंदीवर भरवसा ठेवला, असं लिही."

"आणि शास्त्रज्ञानं मोजणीदारावर," ती म्हणाली. "ते पण लिहावं लागेल मग."

"लिही की. मी कुठे अडवलंय?"

शेवटी टिपणात दोन्ही वाक्यं गेली, आणि पाडलेल्या टाकीचं ठिकाणही. पानेकाकांनी बिस्किटांच्या डब्यांचा उल्लेख करायचा आग्रह धरला, तो मात्र तिनं मानला नाही.

टिपण पाठवून झाल्यावर तिनं नव्या दिशेनं पहिला ढग उघडला. अकराव्या दिवसाचा, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांचा. हा ढग तिनं मागे तीनदा बघून सोडून दिला होता, कारण फोटोत तो फुगत होता आणि रडारच्या कापात त्याच्या जागी नुसते विरळ थेंब होते. आता फोटो आणि काप एकमेकांवर बसले. कडेला कड लागली. तिनं कापातून वाऱ्याचा वेग वजा केला. ढगाच्या माथ्याशी अलीकडची बाजू निळी झाली, म्हणजे जवळ येणारी, आणि पलीकडची लाल, म्हणजे दूर जाणारी. माथा दोन्ही बाजूंना पसरत होता. खालून काहीतरी त्याला वर ढकलत होतं. शेजारचे तीन ढग तसे नव्हते. फोटोंमध्ये ते वीस मिनिटांत विरले होते आणि हा तासभर वाढत गेला होता.

एका ढगानं काही सिद्ध होत नाही, हे तिला माहीत होतं. पण तिच्याकडे एकतीस दिवसांचे ढग होते. तिनं यादीतला पुढचा उघडला.

बाबांनी आपली खुर्ची पडद्याजवळ ओढली. "हा कोणता?" त्यांनी विचारलं. "आणि निळं म्हणजे जवळ येणारं ना? परत एकदा सांग, मी लिहून घेतो."